दवाखाना कुणाच्या हाती?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत बोंडअळीवर बोलणं चाललं होतं. तेवढ्यात पाठीमागे बसलेल्या एका भावाने उठून प्रश्न टाकला. तो म्हणाला, "सरकारने कापसात हात घालू नये, ज्वारीत घालू नये, असं तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात. मग आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही म्हणून कलेक्टर कचेरीवर मोर्चा कशाला नेता? सरकार वावरात वाईट आणि दवाखान्यात चांगलं, हे कसं काय?"

सगळे हसले. आम्हीही हसलो आणि पुन्हा बोंडअळीकडे वळलो. खरं सांगायचं तर त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हतं. प्रश्न रास्त होता. घरी गेल्यावर विचार केला, थोडं वाचलं, दोन-चार जाणत्या माणसांशी बोललो. आज त्या भावाला उत्तर द्यायला उभे आहोत. पटलं तर घ्या, नाही पटलं तर इथेच खोडून काढा.

प्रश्न असा आहे: लोकांच्या औषधपाण्याचा कारभार देशाच्या सरकारने चालवावा का?

शहरात या प्रश्नावर परिसंवाद होतात. एक बाजू म्हणते, सगळं सरकारने करावं. दुसरी म्हणते, सगळं बाजारावर सोडावं. दोन्हीकडची माणसं बहुधा अशी असतात, की ज्यांना दवाखान्यासाठी बैलजोडी विकावी लागलेली नाही. आपल्याकडे प्रश्न त्या बैलजोडीपासून सुरू होतो. इथे बसलेल्या कितीजणांच्या सातबाऱ्यावर दवाखान्याचा बोजा आहे? कागदावर तो दिसतो पीककर्ज म्हणून. बियाण्यासाठी उचललेले पैसे बाळंतपणात गेले, खतासाठी बाजूला ठेवलेले बापाच्या ऑपरेशनला लागले. पुढे पीक बुडालं की आपण म्हणतो, पावसाने मारलं. पावसाने मारलंच, पण त्याच्या आधी दवाखान्याने अर्धं मारून ठेवलेलं असतं.

मग सरळ म्हणून टाकावं का, की सरकारनेच दवाखाने चालवावेत? सरकारने चालवणं म्हणजे काय असतं हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे! १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. दुसऱ्या कोणाला कापूस विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. संकलन केंद्रापुढे गाड्यांची रांग, ग्रेडरची मर्जी, आणि मग चुकाऱ्याची वाट पाहत बसायचं. नाव शेतकऱ्याच्या हिताचं होतं. तीसेक वर्षं चालली आणि तोट्यात बुडाली. त्याच हातात आपला जीव द्यायचा म्हटलं तर पोटात गोळा येतो, हे कबूल.

बरं, मग बाजार? "कापसाला भाव मिळू द्या, डॉक्टरची फी आम्ही टेबलावर मोजून ठेवू," हे वाक्य आम्हीही भाषणांत वापरलेलं आहे. टाळ्या पडतात. आज ते वाक्य निदान अर्धं मागे घेतो, आणि का ते सांगतो.

कापसाच्या बाजारात माल ढिगाने समोर असतो. व्यापारी मूठभर घेऊन धागा ओढून पाहतो, भाव सांगतो. नाही पटला तर आपण गाडी पुढच्या जिनिंगला नेतो. दवाखान्यात मात्र काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि कधी थांबायचं हे विकणाराच ठरवतो. घेणारा खाटेवर निपचित पडलेला. बायको छातीत कळ येऊन कोसळली असताना तीन दवाखान्यांत भाव विचारत फिरणारा माणूस आम्ही अजून पाहिला नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. उलट्या होताहेत, डोळ्यापुढे अंधारी येतेय, अशा माणसाने कोणत्या बाजारात घासाघीस करायची?

दुसरं असं, की आजार हा गारपिटीसारखा असतो. एका वावरावर पडते, धुऱ्यापलीकडे टिपूसही नाही. भाव चांगला मिळाला म्हणून एकट्या घराला दोन-तीन लाखांचा झटका पेलत नाही. शंभर घरांनी वर्षाला थोडं थोडं बाजूला काढलं तर त्यातल्या चार घरांचा झटका पेलतो. हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. भिशी कळणाऱ्या बायकांना हे आपल्याआधी कळतं.

तेव्हा पैसा एकत्र करायचा, इथवर वाद नाही. वाद पुढे आहे. तो कोणी गोळा करायचा आणि दवाखान्याचा लगाम कोणाच्या हाती असायचा? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही त्या इतके दिवस एकच समजत होतो, म्हणून उत्तर सापडत नव्हतं. त्या वेगळ्या आहेत हे आम्हाला कळलं ते आपल्यासारख्याच कोरडवाहू शेतकऱ्यांच्या एका हकिगतीवरून. ती जरा सविस्तर सांगतो. हकिगत लांबची आहे, कॅनडातली. पण ऐकताना आपल्याच तालुक्यातली वाटेल.

कॅनडात सस्कॅचेवान नावाचं राज्य आहे. नाव अवघड आहे, पण ध्यानात ठेवा. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं, आणि माणसं आपल्या वाशीम जिल्ह्याएवढी. दक्षिण भाग सगळा आभाळावर अवलंबून. पीक गव्हाचं. हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद होतात, शेजारी मैलभर लांब. तिथे ग्रामीण पालिका असतात. विस्ताराने आपल्या तालुक्याएवढ्या, वस्ती मात्र विरळ. कारभारी शेतकरीच.

१९१४ च्या सुमाराला सार्निया नावाच्या अशाच एका पालिकेतला डॉक्टर गाव सोडून निघाला. पेशंट होते, पण रोकड कोणाकडे नव्हती. डॉक्टरचं पोट भरेना. शेतकऱ्यांनी बैठक घेतली आणि ठरवलं, की जमिनीच्या सारापट्टीतून वर्षाला १५०० डॉलर बाजूला काढून डॉक्टरला द्यायचे. डॉक्टर थांबला. असं करायला कायद्यात आधार नव्हता. सरकारने १९१६ साली कायदा दुरुस्त करून या गोष्टीला मान्यता दिली. आधी शेतकऱ्यांनी केलं आणि मग सरकारने सही केली, हा क्रम पाहून ठेवा. त्याच साली दुसरा कायदा झाला, की तीन-चार पालिकांनी एकत्र येऊन इस्पितळ बांधावं, त्याचा कर लावावा आणि कारभारी मंडळ आपणच नेमावं. वरून कोणी नेमणूक करायची नाही. १९२९ साली त्या राज्याने क्षयरोगाचा उपचार सगळ्यांना फुकट केला, कॅनडात सर्वांच्या आधी.

इथपर्यंत ऐकून आम्हाला वाटलं, चला, उत्तर सापडलं. गावाने पैसा काढावा, गावाने डॉक्टर ठेवावा, सरकारचा संबंध नको. पण पुढे तीसचं दशक आलं.

१९२९ नंतर गव्हाचा भाव कोसळला. बुशेलला डॉलरच्या वर विकला जाणारा गहू १९३२ च्या अखेरीस चाळीस सेंटांच्या खाली आला. बुशेल म्हणजे साधारण २७ किलो. त्यावर दुष्काळ. एक-दोन वर्षांचा नव्हे. माती उडून जायची, भर दुपारी घरात दिवे लावावे लागायचे. १९३७ साली एकरी सरासरी तीन बुशेलही गहू झाला नाही. म्हणजे एकरी क्विंटलभरही नाही. खेड्यांतली दोन तृतीयांश माणसं सरकारी मदतीवर जगत होती. आता सांगा, सारापट्टी कोण भरणार? पालिकांची तिजोरी रिकामी, डॉक्टरचा पगार थकला. लोक डॉक्टरला कोंबड्या द्यायचे, जळतण द्यायचे. शेवटी राज्य सरकारला दुष्काळी भागातल्या डॉक्टरांना महिन्याला काही रक्कम द्यावी लागली, नाहीतर सगळेच निघून गेले असते.

ही गोष्ट आपण कोरडवाहूवाल्यांनी गाठ मारून ठेवावी. एका घरावर आजार पडला तर गाव सांभाळतं. सगळ्या गावावर दुष्काळ पडला तर गावाची भिशी फुटते, कारण भरणारे सगळे एकदमच बुडालेले असतात. आणि नेमक्या त्याच वर्षी आजार जास्त असतात, पोटात अन्न नसतं म्हणून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोरडवाहू भागाचा पैसा फक्त कोरडवाहू भागातच गोळा करून भागत नाही. त्यात बागायतीचा, कारखान्याचा, बंदराचा, शहराचा पैसा मिसळावा लागतो. म्हणजे सारा देश लागतो. देशाच्या सरकारचं काम इथे सुरू होतं.

पण ते शेतकरी सरकारची वाट पाहत बसले नाहीत. मॅट अँडरसन नावाचा नॉर्वेत जन्मलेला शेतकरी मॅककिलॉप पालिकेचा प्रमुख होता. त्याने कित्येक वर्षं पाठपुरावा करून १९३९ साली आपल्या पालिकेत योजना सुरू केली. माणशी वर्षाला पाच डॉलर भरायचे. डॉक्टर आणि इस्पितळ दोन्हीचा खर्च त्यातून, आणि डॉक्टर कोणता ते पेशंटने ठरवायचं. १९४५ च्या शेवटी स्विफ्ट करंट नावाच्या गावाभोवतीच्या पालिकांनी मतदान घेतलं आणि सगळ्या मिळून एक आरोग्य विभाग केला. १९४६ च्या १ जुलैपासून तिथल्या पन्नासेक हजार लोकांना डॉक्टर आणि इस्पितळ दोन्ही मिळू लागलं. पैसा त्यांचाच, जमिनीवरचा कर आणि माणशी पट्टी मिळून. डॉक्टर मात्र नोकर नव्हते. आपापला दवाखाना चालवायचे आणि केलेल्या कामाचं बिल विभागाला पाठवायचे.

त्या वेळी राज्याचा मुख्यमंत्री होता टॉमी डग्लस. लहानपणी त्याच्या पायाच्या हाडाला रोग झाला. आईबापाजवळ पैसा नव्हता. पाय कापायचीच गोष्ट होती. एका नामांकित सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवायला म्हणून फुकट ऑपरेशन केलं आणि पाय वाचला. डग्लस पुढे आयुष्यभर सांगायचा, की माझा पाय नशिबाने वाचला, पोराचा पाय नशिबावर असता कामा नये. १९४४ साली शेतकरी आणि कामगारांच्या पक्षाकडून तो निवडून आला. १९४७ च्या १ जानेवारीपासून राज्यभर इस्पितळाचा खर्च सरकारी विम्यातून सुरू केला. पट्टी माणशी पाच डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त तीस. डॉक्टरच्या फीला मात्र त्याने लगेच हात घातला नाही. आधी तिजोरी सावरली. पंधरा वर्षं थांबला.

१९६२ च्या १ जुलैला डॉक्टरच्या फीचा विमा सुरू झाला आणि त्याच दिवशी राज्यातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. डग्लस तोवर दिल्लीसारख्या तिथल्या राजधानीच्या राजकारणात गेला होता, मुख्यमंत्रिपदावर वुड्रो लॉईड होता. तेवीस दिवस संप चालला. काही इस्पितळांत तातडीची सेवा होती, पण खेड्यांचे हाल झाले. पहिल्याच दिवशी एक नऊ महिन्यांचं बाळ मेंदूज्वराने गेलं. आईबाप मोटारीतून गावोगाव डॉक्टर शोधत होते. सरकारने इंग्लंडहून डॉक्टर आणले. गावागावांत लोकांनी वर्गणी काढून सहकारी दवाखाने उघडले. सास्काटूनचा असा दवाखाना संपाच्या तिसऱ्या दिवशी सुरू झाला.

डॉक्टरांचीही बाजू ऐकली पाहिजे. ते काही सगळे लोभी नव्हते. त्यांचं म्हणणं होतं, उद्या सरकार आमचं एकमेव गिऱ्हाईक होईल, आणि ज्याला एकच गिऱ्हाईक त्याला किंमत सांगता येत नाही. एकाधिकार खरेदी भोगलेल्या माणसाला हे म्हणणं चुकीचं कसं वाटेल? आम्हाला तर ते वाचताना आमचाच जुना भाषणाचा कागद वाचतोय असं वाटलं.

२३ जुलैला तडजोड झाली. विमा सगळ्यांना लागू राहील, सक्तीचा राहील, हे डॉक्टरांनी मानलं. डॉक्टर पगारी नोकर होणार नाहीत, दवाखाना त्यांचा, पेशंट त्यांनी आणि त्यांना निवडलेले, बिल कामावर, हे सरकारने मानलं. पुढे १९६४ च्या निवडणुकीत लॉईडचा पक्ष पडला. विरोधक सत्तेवर आले, पण योजना मोडायची त्यांची छाती झाली नाही. १९६८ साली त्यांनी दर भेटीला दीड डॉलर भरायची अट तेवढी घातली, लोक उगाच डॉक्टरकडे जातात म्हणून. झालं असं, की सधन माणसं जातच राहिली आणि गरिबांचं जाणं कमी झालं. तीन वर्षांत ती अट गेली.

आता देशाच्या सरकारने काय केलं? त्यासाठीच ही सगळी हकिगत सांगितली. १९६६ साली केंद्राने कायदा केला आणि १९६८ पासून राज्यांना सांगितलं: तुमच्या राज्यातल्या प्रत्येकाला विमा द्या, तो सार्वजनिक संस्थेमार्फत चालवा, माणूस दुसऱ्या राज्यात गेला तरी चालू ठेवा, गरजेच्या सगळ्या वैद्यकीय सेवा त्यात घाला, एवढं केलंत तर साधारण निम्मा खर्च आम्ही देतो. १९७२ पर्यंत सगळी राज्यं आली. केंद्राने गावोगाव इस्पितळं उघडली नाहीत, डॉक्टर नेमले नाहीत, गोळ्यांची खरेदी केली नाही. पैसा दिला आणि अटी घातल्या. १९८४ च्या कायद्याने पेशंटकडून वरचे पैसे घेणंही बंद पाडलं. घेतले तर तेवढी रक्कम राज्याच्या अनुदानातून कापायची.

तिकडे ब्रिटनने दुसरा रस्ता धरला. १९४८ च्या ५ जुलैला तिथल्या सरकारने इस्पितळंच ताब्यात घेतली. गंमत अशी, की ते करणारा मंत्री अन्युरिन बेव्हन हा ट्रेडीगरच्या खाणकामगारांतला, आणि ट्रेडीगरमध्ये कामगारांनी पगारातून वर्गणी कापून आपली वैद्यकीय मंडळी आधीच उभी केलेली होती. मूळ तिथेही खालीच. बेव्हनने मात्र लगाम लंडनला नेला. लोकांना उपचार मिळाले, खाटेपाशी कोणी पैसे मागितले नाहीत, हे मोठंच. पण गावच्या इस्पितळात काही बिघडलं तर जाब मंत्र्याला विचारायचा, आणि मंत्री कुठे भेटतो?

आणि सस्कॅचेवानला तरी सगळं गोड झालं का? नाही. १९९३ साली राज्य कर्जात बुडालं तेव्हा डग्लसच्याच पक्षाच्या सरकारने ५२ लहान ग्रामीण इस्पितळांचा खाटांचा पैसा बंद केला. त्यातली कित्येक त्या जुन्या शेतकऱ्यांनी कर काढून उभी केलेली होती. पुढे विभागांची मंडळं मोठी होत गेली आणि २०१७ साली साऱ्या राज्याचा कारभार एकाच प्राधिकरणाकडे गेला. ज्याच्या हाती थैली, त्याच्या हाती हळूहळू लगाम जातोच. जाऊ द्यायचा नसेल तर खालच्यांना जागं राहावं लागतं. ऑपरेशनसाठी महिनोनमहिने थांबावं लागतं ही तर साऱ्या कॅनडाची तक्रार आहे. प्रतीक्षायादीत नाव लागणं म्हणजे उपचार मिळणं नव्हे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच २००५ साली क्वेबेकच्या खटल्यात म्हटलं. तरी तिथला शेतकरी आजारपणापायी जमीन विकत नाही. आम्हाला तेवढंही पुष्कळ वाटतं.

आता आपल्या गावी येऊ.

ज्या १९४६ साली स्विफ्ट करंटचा विभाग सुरू झाला, त्याच साली आपल्याकडे भोर समितीचा अहवाल आला. अध्यक्ष जोसेफ भोर नाशिकला जन्मलेले. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालात लिहिलेलं आहे. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र तिथून आलं. आज सपाटीच्या भागात तीस हजार लोकांमागे एक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असं माप आहे. घटनेने आरोग्य आणि रुग्णालयं राज्यांच्या यादीत टाकली आहेत. म्हणजे दिल्लीने दवाखाने चालवावेत असं आपल्या घटनेतही नाही. दिल्लीकडून पैसा येतो, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून जास्त येतो. कागदावर पाहिलं तर आपला रस्ता कॅनडाचाच आहे.

मग अडलं कुठे? आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्यातला डॉक्टर राज्य शासनाचा, औषध तिसऱ्याच कचेरीतून, इमारतीचा पैसा चौथीकडून. रात्री साप चावलेला माणूस नेला आणि दाराला कुलूप दिसलं, तर जाब कोणाला विचारायचा हेच कळत नाही. सार्नियाच्या डॉक्टरला ठाऊक होतं, की त्याचा पगार समोर बसलेल्या माणसाच्या सारापट्टीतून येतो. आपल्या डॉक्टरला ते ठाऊक नाही, आणि खरं म्हणजे आपल्यालाही नाही. आपण कर भरत नाही असं आपल्याला शिकवलेलं आहे. काडीपेटीपासून डिझेलपर्यंत सगळ्यावर भरतो.

दुसरीकडे कार्ड आलं. २०१८ पासून केंद्राची पाच लाखांची विमा योजना आहे. राज्याची महात्मा फुले यांच्या नावाची योजना सगळ्या कुटुंबांना लागू करायचा निर्णय २०२३ साली झाला. आम्ही या योजनांना नावं ठेवणार नाही. हृदयाचं, मूतखड्याचं, कर्करोगाचं ऑपरेशन या कार्डावर झालेली माणसं इथे बसलेली आहेत. पण हे कार्ड माणूस भरती झाल्याशिवाय बोलत नाही. बीपीची रोजची गोळी, साखरेची तपासणी, पोराचा ताप, कंबरेचं दुखणं, ज्यात आपला पैसा दर महिन्याला झिरपतो, ते त्यात नाही. शिवाय कार्ड चालतं ते दवाखाने शहरात. आमच्याच एका नातलगाला एका दवाखान्यात कार्ड दाखवल्यावर सांगितलं, "हा आजार पॅकेजात बसत नाही, रोख भरा." बसत होता, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. तोवर म्हैस विकून झाली होती.

२०२३ च्या १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. चांगलंच झालं. पण जिथे डॉक्टरची जागा रिकामी आहे तिथे फुकट काय मिळणार? रिकामी खुर्ची!

आणि कोणी हक्काचा कायदा करायला गेलं की काय होतं, तेही आपण पाहिलं. २०२३ च्या मार्चमध्ये राजस्थानच्या विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा मंजूर केला. खाजगी डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले, ४ एप्रिलला तडजोड झाली, आणि सरकारची जमीन-सवलत न घेतलेले आणि पन्नास खाटांच्या आतले खाजगी दवाखाने त्यातून वगळले गेले. सस्कॅचेवानच्या तडजोडीत डॉक्टरांचं स्वातंत्र्य राहिलं आणि लोकांचा हक्कही पुरा राहिला. राजस्थानात हक्कालाच कात्री लागली. फरक कशाने पडला? आमचा अंदाज असा, की तिथे गावोगाव तीस-चाळीस वर्षं आपला डॉक्टर आपण ठेवलेली माणसं होती. संप झाला तेव्हा ती सरकारसाठी उभी राहिली नाहीत, आपल्या दवाखान्यासाठी उभी राहिली. आपल्याकडे कायदा वरून आला होता, खाली तो धरायला हात नव्हते.

तर मागच्या रांगेतल्या भावा, आमचं उत्तर असं आहे. पैसा देशाने गोळा करावा, कारण दुष्काळात आपला जिल्हा तो गोळा करू शकत नाही. राज्याने तो तालुक्यांना वाटावा, आणि जिथे पाऊस कमी तिथे जास्त वाटावा. डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आम्हाला त्याचं सोयरसुतक नाही. काम करील त्याला कामाचे पैसे मिळावेत. पण डॉक्टर हजर होता की नव्हता, साप चावल्यावरची लस शिल्लक होती की नव्हती, आणि नसेल तर कोणाचा पगार अडवायचा, हे दिल्लीने किंवा मुंबईने ठरवू नये. ते त्या केंद्राखालच्या गावांनी ठरवावं. कापसात आम्ही सरकारला बाहेर जा म्हणतो, कारण तिथे ते आमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये उभं राहतं. दवाखान्यात त्याने आमच्या आणि कर्जाच्या मध्ये उभं राहावं, डॉक्टरच्या आणि आमच्या मध्ये नको.

कोणी म्हणेल, गावाच्या हाती दिलं की गावचे पुढारीच खातील. कुंपणच शेत खातं हे आम्हाला मान्य आहे. पण गावचं कुंपण डोळ्यापुढे असतं, मुंबईचं दिसतसुद्धा नाही. आणि यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. प्रत्येक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे. तिच्याकडे थोडा का होईना पैसा येतो. तुमच्या केंद्राच्या समितीवर कोण आहे, तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे इथे किती जण सांगू शकतील? हात वर करा.

दिसले तेवढे हात मोजले. सात.

मंडपाच्या दाराशी छापील कागद ठेवलेले आहेत. प्रत्येक गावाने दोन न्यावेत. पहिल्यावर समितीच्या सभासदांची नावं, शेवटच्या बैठकीची तारीख, डॉक्टर आठवड्यातले कोणते दिवस हजर असतो आणि सर्पदंशाची लस किती शिल्लक आहे, हे लिहून आणायचं. लस सांगतील ती लिहू नका, फ्रिज उघडून पाहा. दुसऱ्या कागदावर गावातल्या ज्या घरांनी या वर्षात दवाखान्यासाठी कर्ज काढलं, जनावर विकलं किंवा जमीन गहाण टाकली, त्यांचा हिशेब लिहायचा. नाव लिहू नका, घरांचा आकडा आणि रक्कम पुरे. बाळंतपणाचा खर्च बायकांना विचारून लिहा, पुरुषांना तो नीट ठाऊक नसतो. उलंगवाडी झाली की पुढची बैठक घेऊ, तेव्हा हे कागद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांसमोर ठेवायचे आहेत. शाईने भरा, पेन्सिलीने नको.